शार्लटच्या मोहरेवरचं बोट

भाऊबीज शनिवारी आली म्हणून श्रीनिवासला रजा काढावी लागली नाही. एरवी भल्या सकाळी जुरोंग आयलंडची कंपनीची बस पकडणारा हा माणूस त्या संध्याकाळी सिंगापूरच्या सेम्बावांग भागातल्या फ्लॅटमध्ये, वडिलांच्या खोलीत, एका पाच डॉलरच्या नाण्यासमोर बसून घाम पुसत होता. एसी चालू होता, तरी पुसत होता.

नाणं १८४७ सालचं, सोन्याचं, जेमतेम आपल्या रुपयाएवढं. एका बाजूला मुकुट घातलेली बाई, दुसऱ्या बाजूला गरुड आणि गरुडाच्या पायाशी इंग्रजी सी. सी म्हणजे शार्लट. अमेरिकेच्या दक्षिणेत त्या गावाजवळ सोनं सापडायचं, म्हणून तिथे एक लहानशी टाकसाळ होती, आणि यादवी युद्ध पेटलं तशी ती बंद पडली. श्रीनिवासच्या वडिलांनी, प्रबोध कारखानिसांनी, आयुष्यभर शिपयार्डात जहाजांची इंजिनं दुरुस्त केली आणि उरलेला सगळा जीव असल्या नाण्यांवर लावला. एकोणीस नाणी जमवली. अशी नाणी प्लास्टिकच्या डबीत कायमची बंद करून देणाऱ्या कंपन्या असतात, पण प्रबोधराव म्हणायचे, "जिवंत असताना पेटीत कशाला घालायचं त्याला?" त्यांची नाणी उघडीच असायची, कॅमेरेवाले वापरतात तशा, विजेवर आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या काचेच्या ड्राय कॅबिनेटमध्ये, मखमलीवर.

फेब्रुवारीत ते गेले. आणि आता त्या मुकुटवाल्या बाईच्या गालावर एक बोट उमटलं होतं.

नाण्यांच्या शौकिनांना चोराची नसेल एवढी बोटाची भीती असते. उघड्या बोटाचा घाम सोन्यातल्या तांब्याला लागला की लगेच काही दिसत नाही. महिन्यांनी, कधी वर्षांनी ठसा वर येतो, तपकिरी, रेषा न् रेषा मोजावी असा. दसऱ्याला श्रीनिवासने विकण्यासाठी फोटो काढले तेव्हा तो नुसता डाग वाटला होता. मग रोज थोडा थोडा गडद होत गेला. आज तो पुरता दिसत होता आणि फार लहान होता.

"अजून तेच बघतोयस?" चैत्राली दारात उभी होती. पुंगोलहून ती नुकतीच आली होती, नवरा वरुण आणि सहा वर्षांची ऋता यांना घेऊन. खांद्यावरची पर्ससुद्धा अजून काढलेली नव्हती. "नाणी विकत घेणारे ओंग सात वाजता येणार ना? मग दाखव त्यांना आणि सांग, डाग आहे, तसाच घ्या. आईला मात्र आधी सांग, की आज सगळंच न्यायला येतायत ते. मी नाही सांगणार."

"ताई, हे इथे आलं कसं?"

"मेन स्विच," ती लगेच म्हणाली. उत्तर तिने ट्रेनमध्येच तयार केलेलं असावं. "अस्थी घेऊन नाशिकला गेलो तेव्हा आईने सवयीने मेन स्विच बंद केला. तीन आठवडे कॅबिनेट बंद. सिंगापूरची हवा आत गेली, जुना ठसा वर आला. त्यात भुताटकी काय आहे?"

"पण कुणाचा?"

चैत्राली जवळ आली. भिंग डोळ्याला लावून तिने वाकून पाहिलं आणि बराच वेळ वर बघितलंच नाही.

"ऋता, इकडे ये गं," तिने हाक मारली.

ऋता चकली खात आली. फराळ घरचा नव्हता. वडिलांना जाऊन वर्ष झालेलं नाही म्हणून आईने, ललिताबाईंनी, यंदा कढई चढवली नव्हती, कंदील लावला नव्हता. मराठी मंडळातल्या बायकांनी डबे आणून दिले होते. भाऊबीज मात्र करायचीच, हे त्यांनी आठवड्यापूर्वीच बजावलं होतं. "भावाबहिणीचं सुतक मी पाळणार नाही," एवढंच म्हणाल्या.

चैत्रालीने लेकीचं बोट नाण्याच्या वर, न टेकवता धरलं. तर्जनी मोठी पडली. करंगळी लहान. अनामिका बरोबर बसली.

"Not me, lah!" ऋता म्हणाली. "मामा, I never touch. Promise."

"नाही गं राणी, तू नाहीस," श्रीनिवास म्हणाला. अठरा वर्षांपूर्वी ह्याच खोलीत एका सहा वर्षांच्या मुलीने हेच सांगितलं होतं, आणि तिला असं उत्तर कोणी दिलं नव्हतं.

तिचं नाव जान्हवी. कारखानिसांचं शेंडेफळ. त्या दिवाळीत श्रीनिवास पंधरा वर्षांचा होता आणि वर्गातल्या मित्राला फुशारकीने दाखवायला त्याने शार्लटचं नाणं खोलीतून काढलं होतं. ते हातातून निसटून फरशीवर पडलं आणि त्याच्या काठाला पोचा आला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी प्रबोधरावांना तो दिसला. कोणी हात लावला, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यांचा आवाज इतका शांत होता की श्रीनिवासची गाळण उडाली. "जानू होती कपाटापाशी," तो म्हणाला. "मी नाही हात लावला," जानू म्हणाली. ती शेवटपर्यंत तेच म्हणत राहिली. वडील चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. डेंग्यू होता. नवव्या दिवशी ती गेली.

हे खरं काय ते जगात एकट्या श्रीनिवासला ठाऊक होतं. म्हणून त्याला ही नाणी घरातून जायला हवी होती. लग्नाची स्थळं नाकारताना, रात्रपाळ्या मागून घेताना, आईबाबांचं घर न सोडताना त्याने स्वतःला दहा कारणं सांगितली होती, आणि त्यातलं एकही हे नव्हतं.

"काय बघताय तिघं?"

ललिताबाई हातात पाट घेऊन आल्या होत्या. कोणी काही लपवायच्या आत त्यांनी पाट भिंतीला टेकवला, चैत्रालीच्या हातातून भिंग घेतलं आणि नाण्यावर वाकल्या. मोतीबिंदू झालेला त्यांचा डोळा भिंगामागे मोठा दिसत होता.

"वरुण, लेकीला खाली घेऊन जा," त्यांनी वर न बघता हॉलमधल्या जावयाला हाक दिली. "फुलबाज्या आणल्यात ना? लावा जा."

दार बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत त्या तशाच वाकून होत्या.

"चैतू, ही मधली तिरपी रेघ दिसते तुला?"

"दिसते."

"मायलोच्या पावडरचा डबा," ललिताबाई म्हणाल्या. "त्याच्या पत्र्याने कापलं होतं तिला. उजव्या हाताची अनामिका. दोन टाके पडले होते. मीच धरून बसले होते तिला." मग त्या खुर्चीवर बसल्या आणि हसायला लागल्या. मुलांना वाटलं, त्या रडतायत. डोळ्यांना पाणी होतंच, पण त्या हसत होत्या. "लबाड! लबाड होती गं माझी! हात लावला होता तिने!"

"आई..." चैत्रालीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुला कळत नाहीये. अठरा वर्षं मी एकच गोष्ट उगाळत बसलेय. पोर खरं बोलत असली तर? त्या भाऊबीजेला ती तबक घेऊन तुमच्यासमोर आली होती, आठवतं? परकर घालून. मी काढून घेतलं तिच्या हातातून. म्हटलं, खोटं बोलणाऱ्या मुलीने भावाला ओवाळायचं नसतं. नंतर ती हॉस्पिटलात. मी रोज रात्री स्वतःला विचारते, आणि ती खरं बोलत असली तर, ललिता?" त्यांनी पदराने डोळे पुसले. "नव्हती बोलत. देवाने दाखवलं मला. आता जाऊ दे ती मोहोर. सगळ्याच जाऊ देत. बोलाव तुझ्या त्या ओंगला, श्री."

नाण्यांना त्या पहिल्यापासून मोहरा म्हणत. एकही विकायची नाही, म्हणून गेले तीन महिने त्या मुलांशी भांडत होत्या. आज एका मिनिटात त्यांनी सगळ्यांवर पाणी सोडलं.

"मुळीच नाही," चैत्राली म्हणाली. तिचा आवाज फाटला. "हे विकायचं नाही. आई, तिचं काय उरलंय आपल्याकडे? एक फ्रॉक आणि चार फोटो. श्री, ओंगना फोन कर, येऊ नका म्हणून सांग."

"जायला हवंय ते," ललिताबाई म्हणाल्या. "मला सुटायचंय आता यातून."

"तुला सुटायचंय, आणि मला?"

मायलेकींची जुंपली. श्रीनिवास मध्ये पडला नाही. त्याच्या मनात भलतंच काहीतरी डोकं वर काढत होतं आणि त्याला त्याची लाज वाटत होती. जानूने खरोखरच हात लावला असला तर? आधी कधीतरी, त्याच्या नकळत? मग तो पूर्ण खोटं बोलला नव्हता. निम्मंच. आईसारखंच त्यालाही मोकळं होता आलं असतं.

त्याने बाबांचे पांढरे सुती हातमोजे चढवले. कारखानिसांकडे भाऊबीजेलाही हे हातमोजे लागत. औक्षणाला सुपारीबरोबर सोनं ओवाळतात. लोकांकडे अंगठी असते, यांच्याकडे बाबा एक अमेरिकन नाणं द्यायचे, आणि चैत्रालीला ते उजव्या हातात हातमोजा घालून, काठाला धरून भावाभोवती फिरवावं लागे. पुण्याचे पाहुणे पोट धरून हसायचे. श्रीनिवासने तसंच काठाला धरून नाणं उचललं आणि खिडकीशी नेऊन पोचा शोधायला लागला.

पोचा नव्हता.

त्याने नाणं पूर्ण फिरवलं. पुन्हा फिरवलं. काठावरचे दाते सगळीकडे सारखे होते. दसऱ्याला फोटो काढताना त्याने काठाकडे बघायचं टाळलं होतं, पण तो पोचा त्याच्या ओळखीचा होता. झोपेत त्यावर नख फिरवल्यासारखं त्याला कितीदा तरी वाटलं होतं. सोन्याचा पोचा आपोआप भरून येत नाही.

कॅबिनेटच्या खालच्या खणात बाबांची वही होती. प्रत्येक नाण्याला दोन पानं. वडील गेल्यापासून त्याला ती उघडायचा धीर झाला नव्हता. आता त्याने शार्लटचं पान काढलं. मागे आई आणि ताई अजून भांडत होत्या.

*पहिलं नाणं जानेवारी २००० मध्ये देऊन टाकलं. घरात बघवत नाही.*

*ऑगस्ट २००४. त्याच सालचं, त्याच टाकसाळीचं दुसरं मिळालं. निर्दोष.*

त्याखाली तेच बारीक, इंजिनियरचं अक्षर पुढे चालू होतं.

*भाऊबीज २००४. गालावर बोट. लहान. शुद्ध ॲसिटोनमध्ये धुतलं, गेलं.*

*भाऊबीज २००५. पुन्हा. दसऱ्यापासून फिकट होतं, आज पूर्ण. धुतलं.*

*२००६. पुन्हा.*

*२००९. वर्षभर कुलूप होतं. किल्ली माझ्या गळ्यात. तरी.*

*२०१२. ललिताला सांगायचं नाही.*

असं प्रत्येक वर्षी होतं. एकही भाऊबीज सुटली नव्हती. आणि शेवटी, गेल्या वर्षीचं:

*२०१६. धुतलं. ती येते, पण माझ्यासाठी येत नाही. पुढच्या वर्षी धुणार नाही. श्रीला एकदा विचारायला हवं.*

श्रीनिवासने तारखा पुन्हा मोजल्या. हे नाणं घरात आलं तेव्हा जानूला जाऊन पाच वर्षं होत आली होती.

"श्री, सांग ना हिला," ललिताबाई मागून म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका हलका त्याने कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. "जे झालं ते झालं. पोर चुकली, आम्ही रागावलो. आईबाप रागावतातच की."

वही मिटायची, एवढंच करायचं होतं. सात वाजता ओंग आले असते, मखमल गुंडाळून घेऊन गेले असते आणि आई उरलेली वर्षं सुखाने झोपली असती. बिचारी जान्हवी खोटारडी ठरली असती, पण ती काही भांडायला येणार नव्हती. हा विचार त्याच्या मनात आला आणि खोलीत कुंकवाचा वास आला. ओल्या, ताज्या कुंकवाचा. करंडा स्वयंपाकघरात होता.

"ती नव्हती," तो म्हणाला.

"काय?"

"आई, तिने हात नव्हता लावला. मी लावला होता. माझ्या हातून पडलं. मी तिचं नाव घेतलं." एकदा सुरुवात झाल्यावर त्याला थांबता येईना. मित्राचं, फरशीचं, बाबांच्या आवाजाचं सगळं सांगून झालं. मग त्याने वही आईच्या मांडीवर ठेवली. मोतीबिंदूमुळे त्यांना वाचता येत नव्हतं म्हणून चैत्रालीने मोठ्याने वाचली. २००९ च्या पुढचं तिने कुजबुजतच वाचलं.

खाली ऋता ओरडत होती, बहुधा फुलबाजी पेटली असावी.

"म्हणजे ती खरं बोलत होती," ललिताबाई म्हणाल्या.

"हो."

"आणि मी तिच्या हातातून तबक काढून घेतलं."

"हो, आई."

चैत्राली उठून त्याच्यासमोर आली. ती मारेल असं त्याला वाटलं; मारलं असतं तर बरं झालं असतं. "पंधरा वर्षांचा होतास तेव्हा घाबरलास, हे मी समजू शकते," ती म्हणाली. "पंचविसाव्या वर्षी? तिसाव्या? बाबा इथे आत बसून एकटे धूत होते ते, आणि तू बाहेर बसून जेवत होतास!"

त्याला स्वतःची मनापासून किळस आली, आणि तरीही छातीतलं काहीतरी जुनं, दगडासारखं, जागचं हललं होतं.

"चैतू," ललिताबाई म्हणाल्या, "पाट मांड."

"आई, आज नाही. मला याला ओवाळवणार नाही."

"तुला कोण सांगतंय ओवाळायला? तू पाट मांड."

त्यांच्या आवाजात असं काही होतं की चैत्रालीने मुकाट्याने पाट हॉलमध्ये पूर्वेकडे तोंड करून मांडला. ललिताबाईंनी तबक आणलं. हळद, कुंकू, अक्षता, सुपारी. हातमोजा न घालता त्यांनी शार्लटची मोहोर सुपारीशेजारी ठेवली. निरांजन लावलं. मग त्यांनी ते तबक कोणाच्या हातात दिलं नाही. पाटासमोर खाली, फरशीवर ठेवलं, सहा वर्षांच्या मुलीला सहज उचलता येईल असं. आणि भिंतीशी जाऊन बसल्या.

"बस," त्या श्रीनिवासला म्हणाल्या.

तो टोपी घालून मांडी घालून बसला. समोर कोणी नव्हतं. ज्योत सरळ होती. पंखा बंद होता, चैत्रालीने तोंडावर हात धरला होता, आणि तिघंही कशाची वाट बघतायत हे कोणी बोलून दाखवत नव्हतं.

बेल वाजली. सात वाजले होते; मिस्टर ओंग वेळेचे पक्के. कोणी उठलं नाही. पुन्हा एकदा वाजली, मग बाहेरची पावलं लिफ्टकडे गेली.

चैत्रालीने ते आधी पाहिलं. "आई, कुंकू," ती म्हणाली. तबकातल्या कुंकवाच्या ढिगात एक खळगा पडला होता. लहान, बोटभर.

श्रीनिवासने डोळे मिटले नाहीत. मिटावेसे वाटले, पण मिटले नाहीत. त्याच्या कपाळाला, अगदी खाली, भुवयांच्या रेषेवर, जिथे नेहमी मोठ्या माणसाचं बोट टेकत नाही अशा जागी, काहीतरी गार टेकलं. किंचित दाबलं. आणि निघालं.

खोलीत कोणीही जागचं हललं नव्हतं. ललिताबाईंचे दोन्ही हात मांडीवर होते. त्या मुलाच्या कपाळाकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ काहीतरी म्हणत होते, बहुधा एकच नाव, पुन्हा पुन्हा.

"पुसू नकोस," त्या अखेर म्हणाल्या. "ओवाळून झालं तिचं. आता तिची ओवाळणी घाल, श्री."

त्याने खिसे चाचपले नाहीत. तबकापलीकडच्या मोकळ्या फरशीकडे, एका लहान मुलीचं तोंड असेल तेवढ्या उंचीवर, त्याने नजर धरली.

"जानू," तो म्हणाला, "तू हात नव्हता लावलास."